कचेरी कुठे हलवायची, हे ठरवणार कोण?

कामगार बंधूंनो,

सरकारी कचेरी म्हणजे साहेबाला खुर्ची, मंत्र्याला कोनशिला आणि जमिनीच्या दलालाला भाव चढवायची शिडी. तुम्हा-आम्हाला मात्र ती म्हणजे एक दिवसाचा खाडा! फंडाच्या कागदावर एक सही पाहिजे, विम्याच्या दवाखान्याचा दाखला पाहिजे, ग्रॅच्युइटीच्या दाव्याची तारीख पाहिजे, की पाळी बुडवायची, दोन गाड्या बदलायच्या, खिडकीशी उभे राहायचे आणि "साहेब जेवायला गेलेत" हे ऐकून परत यायचे. ही कचेरी दहा मैल लांब गेली तर साहेबाला सरकारी मोटार आहे. तुमच्या पगारातून मात्र दिवस जातो.

म्हणून आम्ही म्हणतो, कचेरी कुठे असावी हा प्रश्न नकाशाचा नाही. तो पोटाचा आहे.

कचेरी हलवायची ठरली की सरकारची भाषा ठरलेली असते. शहरात गर्दी झाली, जागा अपुरी पडते, कारभार सोयीचा व्हायला हवा. ऐकायला गोड! पण सोय कुणाची, हे विचारले की तोंडाला कुलूप. कचेरी कधी एकटी हलत नाही. तिच्यामागून वकील जातो, अर्ज लिहिणारा जातो, चहाची टपरी जाते, बसचा थांबा जातो. जिथे ती जाते तिथे गुंठ्याचा भाव रातोरात चढतो. जिथून जाते तिथल्या खानावळीची चूल थंड होते. एवढा मोठा व्यवहार, आणि तो ठरतो कुठे? बंद खोलीत, पाच-सात माणसांत!

आम्ही आज या पत्रकात "जागा अमुक असावी" असे सांगायला आलेलो नाही. जागा कशी ठरवावी, मते कशी मोजावीत, पंगतीला कुणाला बसवावे, हे सांगायला आलो आहोत. कारण बंधूंनो, मोजायची रीत ज्याच्या हातात, त्याच्या हातात निकाल. पटत नाही? मग हिशेब मांडून पाहा.

एकवीस मते आणि तीन निकाल

समजा, कामगारांच्या देण्याघेण्याची एक कचेरी हलवायची आहे. जागा तीन: परळ, कुर्ला आणि ठाणे. ठरवायला एकवीस पंच बसले आहेत. नऊ जण परळचे. ते म्हणतात, पहिले परळ, नाहीच तर कुर्ला, शेवटी ठाणे. सात जण ठाण्याचे. ते म्हणतात, पहिले ठाणे, मग कुर्ला, शेवटी परळ. उरलेले पाच कुर्ल्याचे. ते म्हणतात, पहिले कुर्ला, मग ठाणे, शेवटी परळ.

आता मोजा. एकेकाने एकच हात वर करायचा, ज्याला जास्त हात तो जिंकला, ही रीत धरली तर परळला नऊ, ठाण्याला सात, कुर्ल्याला पाच. परळ जिंकले! पण एकवीसांपैकी बारा जणांना परळ शेवटच्या नंबरावर हवे होते, हे कुणी पाहिले?

दुसरी रीत घ्या. सर्वांत कमी मते मिळालेला बाद करायचा आणि उरलेल्या दोघांत पुन्हा मत घ्यायचे. कुर्ला बाद. कुर्ल्याचे पाच ठाण्याकडे वळले. ठाण्याला बारा, परळला नऊ. ठाणे जिंकले!

तिसरी रीत. पहिल्या पसंतीला तीन गुण, दुसरीला दोन, तिसरीला एक. परळला एकोणचाळीस, ठाण्याला चाळीस आणि कुर्ल्याला सत्तेचाळीस. कुर्ला जिंकले!

तेच एकवीस पंच, त्याच तीन जागा, एकानेही मन बदललेले नाही. तरी रीत बदलली की कचेरी परळहून ठाण्याला आणि ठाण्याहून कुर्ल्याला जाते. आता सांगा, जो अध्यक्ष खुर्चीत बसून म्हणतो, "मंडळी, मते अशी मोजू या", तो नुसता मते मोजतोय, की कचेरी कुठे न्यायची हे ठरवतोय?

याच तीन जागांची जोडीजोडीने कुस्ती लावा. कुर्ला आणि परळ: कुर्ल्याकडे बारा, परळकडे नऊ. कुर्ला आणि ठाणे: कुर्ल्याकडे चौदा, ठाण्याकडे सात. दोन्ही कुस्त्या कुर्ल्याने मारल्या. सगळ्यांना चालेल अशी जागा तीच होती. पण एका हाताच्या मोजणीत ती सर्वांच्या मागे पडली. दोन टोकांच्या ओढाताणीत मधल्याचा जीव जातो तो असा.

कृष्णाकाठची अमरावती

आता कागदावरचा हिशेब सोडा, घडलेली गोष्ट घ्या. आपल्या शेजारच्या साच्यावर तेलुगू भाऊ उभा असायचा. सोलापुरात तर विणकामाचा निम्मा संसार पद्मशाली समाजाच्या खांद्यावर उभा राहिला. त्या भावाच्या राज्याची राजधानी किती वेळा हलली, हे त्यालाच विचारा.

आंध्र राज्य भाषेसाठी रक्त आटवून मिळाले. पोट्टी श्रीरामुलू यांनी उपोषणात प्राण दिला तो डिसेंबर १९५२ मध्ये. १ ऑक्टोबर १९५३ रोजी राज्य झाले. राजधानी कर्नूल, कारण १९३७ च्या श्रीबाग करारात किनारपट्टीच्या पुढाऱ्यांनी रायलसीमेच्या पुढाऱ्यांना शब्द दिला होता: राजधानी आणि उच्च न्यायालय एकाच भागात ठेवायचे नाही, आणि पहिली निवड रायलसीमेची. शब्दाप्रमाणे कर्नूलला राजधानी गेली, गुंटूरला उच्च न्यायालय गेले. कर्नूलला इमारती कुठल्या? कचेऱ्या तंबूत भरल्या. पण तीन वर्षांत, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राजधानी हैदराबादला गेली. कर्नूलचे तंबू उठले. रायलसीमेच्या पदरात शब्द तेवढा राहिला.

मग २०१४ साली तेलंगण वेगळे झाले. हैदराबाद जास्तीत जास्त दहा वर्षे दोघांची राजधानी, असे कायद्याने ठरले. नवी राजधानी कुठे असावी याचा अभ्यास करायला केंद्र सरकारने के. सी. शिवरामकृष्णन यांची समिती नेमली. शेतीची कमीत कमी मोडतोड व्हावी, पाण्याची सोय असावी, पूर आणि वादळ यांचा धोका पाहावा, जमिनीचा खर्च कमी व्हावा, अशा कसोट्या समितीपुढे ठेवल्या होत्या. ऑगस्ट २०१४ च्या अखेरीस अहवाल आला. एकच अवाढव्य राजधानी उभारू नका, कचेऱ्या राज्यभर वाटून द्या, आणि विजयवाडा-गुंटूरची पिकाऊ जमीन वाचवा, असा त्याचा सूर होता.

आणि झाले काय? तो अहवाल यायच्या आधीच, जुलै महिन्यात, राज्य सरकारने आपल्या नगरविकासमंत्र्याच्या अध्यक्षतेखाली दुसरी समिती बसवली होती. तिच्यात उद्योगपतीही होते! ४ सप्टेंबर २०१४ रोजी मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनी विधानसभेत जाहीर केले की राजधानी विजयवाड्याच्या परिसरातच होणार. तज्ज्ञांच्या कसोट्या, नकाशे, हिशेब सगळे फडताळात गेले. का गेले, कुठल्या कसोटीवर कमी पडले, याचे कोष्टक कुणी जनतेपुढे मांडले नाही.

कृष्णाकाठच्या २९ गावांतून सुमारे ३३ हजार एकर जमीन गोळा केली. नाव दिले अमरावती. (आपल्या वऱ्हाडातली नव्हे.) शेतकऱ्याला सांगितले, आज शेत द्या, उद्या विकसित भूखंड घ्या. ज्याच्याकडे शेतच नव्हते, जो दुसऱ्याच्या बांधावर राबत होता, त्या भूमिहीन मजुराला महिन्याला २,५०० रुपये. एवढ्यात घर चालवून दाखवा म्हणावे!

२०१९ साली सरकार बदलले. नव्या सरकारकडे १७५ पैकी १५१ आमदार. १७ डिसेंबर २०१९ रोजी मुख्यमंत्री जगन मोहन रेड्डी सभागृहात म्हणाले, राजधान्या तीन असू शकतात: विशाखापट्टणमला सचिवालय, अमरावतीला विधिमंडळ, कर्नूलला उच्च न्यायालय. आणि त्यांनीच नेमलेल्या जी. एन. राव समितीचा अहवाल कधी आला? २० डिसेंबरला! निकाल आधी, पुरावा मागून. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच! जानेवारी २०२० मध्ये विधानसभेने विधेयक मंजूर केले. विधान परिषदेत विरोधकांचे बहुमत होते. तिने ते निवड समितीकडे धाडले. तेव्हा विधानसभेने परिषदच बरखास्त करण्याचा ठराव केला! पंच आपल्या बाजूने बोलत नाही, तर पंचालाच गावाबाहेर काढा!

जमिनी दिलेले शेतकरी रस्त्यावर आले. २०२१ साली ते अमरावतीहून तिरुपतीपर्यंत पायी गेले, त्यांत बायाबापड्या पुढे होत्या. ३ मार्च २०२२ रोजी उच्च न्यायालयाने सांगितले की राजधानी हलवायचा अधिकार राज्याच्या विधिमंडळाला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२४ साली पुन्हा सरकार बदलले, या वेळी सत्ताधारी आघाडीकडे १७५ पैकी १६४. चक्र उलटे फिरले, अमरावती पुन्हा एकमेव राजधानी. मे २०२५ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते कामे दुसऱ्यांदा सुरू झाली. पहिली कोनशिला २०१५ सालची!

दहा वर्षे गेली. कुणाची गेली? अर्धवट खांबांत लोखंड गंजले, ते कुणाच्या पैशाचे? आम्ही या पक्षाचे की त्या पक्षाचे, हा इथे प्रश्नच नाही. अमरावती चांगली की विशाखापट्टणम चांगले, हाही नाही. दोन्ही सरकारांनी एकच चाल खेळली: आधी जागा ठरवली, मग तिला शोभतील अशा कसोट्या शोधल्या. आणि जे नुसत्या बहुमताच्या जोरावर ठरते, ते पुढच्या बहुमताच्या जोरावर मोडते. १५१ हातांनी बांधलेली गाठ १६४ हातांनी सुटणारच.

युरोपातली चिठ्ठी

"हे आपल्याकडेच व्हायचे, विलायतेत बघा कसा शिस्तीचा कारभार!" असे म्हणणारे सुटाबुटातले लोक असतात. चला, विलायतही बघू.

ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडायचे ठरवले, तेव्हा लंडनमधल्या संघाच्या दोन कचेऱ्या हलवणे भाग पडले. एक औषधांची तपासणी पाहणारी, सुमारे नऊशे नोकरांची. दुसरी बँकांवर देखरेख ठेवणारी. औषधांच्या कचेरीसाठी १९ शहरांनी अर्ज केले. सहा कसोट्या ठरल्या: ठरल्या दिवशी इमारत तयार हवी, येण्याजाण्याची सोय हवी, नोकरांच्या मुलांना शाळा हव्यात, घरच्यांना काम आणि दवाखाना मिळावा, कामात खंड पडू नये, आणि कचेऱ्या सगळ्या देशांत वाटल्या जाव्यात. इथपर्यंत उत्तम. पण कोणत्या कसोटीचे वजन किती? ठरलेच नाही! कोण पहिला, कोण दुसरा, असे गुणपत्रक निघाले नाही.

२० नोव्हेंबर २०१७ रोजी २७ देशांच्या मंत्र्यांनी गुप्त मतदान केले. पहिल्या फेरीत तीन-दोन-एक गुणांची रीत. मिलान २५, आम्स्टरडॅम २०, कोपनहेगन २०. दुसऱ्या फेरीत एक देश एक मत. मिलान १२, आम्स्टरडॅम ९, कोपनहेगन ५. तिसऱ्या फेरीत दोघेच उरले आणि मते पडली १३ विरुद्ध १३, एका देशाने मतच दिले नाही. मग काय केले? भिशीची काढतात तशी चिठ्ठी काढली! निघाले आम्स्टरडॅम. दोन्ही फेऱ्यांत पुढे असलेले मिलान घरी गेले. त्याच संध्याकाळी बँकांच्या कचेरीचेही तसेच झाले. डब्लिन आणि पॅरिस बरोबरीत, पुन्हा चिठ्ठी, निघाले पॅरिस.

आणि पहिली कसोटी काय होती? इमारत वेळेवर तयार हवी! आम्स्टरडॅमची कायमची इमारत तयार नव्हती. २०१९ साली कचेरी आधी तात्पुरत्या इमारतीत गेली आणि २०२० साली कायमच्या. इकडे लंडनमधल्या जुन्या जागेचा भाडेकरार २०३९ पर्यंतचा. तो मोडता यावा म्हणून कचेरी कोर्टात भांडली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये हरली. दोन घरांचे भाडे एका खिशातून!

आता आपल्या कामाची गोष्ट ऐका. या कचेरीने आपल्या नोकरांना आधी विचारले होते, तुम्ही कुठल्या शहरात यायला तयार आहात? काही शहरांच्या बाबतीत शंभरातले तीसही यायला तयार नव्हते. हे विचारणे चांगलेच झाले. पण विचारले ते कायम नोकरांच्या घरसंसाराच्या बेताने. अल्प मुदतीच्या कराराच्या १३५ जणांना मात्र पुढे ठेवता येत नाही, असे कचेरीनेच २०१८ साली सांगितले, कारण नव्या देशाचा मजुरीचा कायदा आड आला. कसोट्या सहा, पण बदली कामगाराची कसोटी एकही नाही. बदलीवाल्याचे दुःख मुंबईत आणि लंडनमध्ये सारखेच, बंधूंनो!

मिलान शहर आणि इटलीचे सरकार न्यायालयात गेले. १४ जुलै २०२२ रोजी युरोपच्या न्यायालयाने त्यांची फिर्याद फेटाळली, पण एक मोठी गोष्ट सांगून ठेवली. मंत्र्यांनी केलेली ती निवड राजकीय होती, कायद्याने बांधणारी नव्हती. कचेरीची जागा ठरवायचा अधिकार कायदेमंडळाचा, म्हणजे लोकांनी निवडलेल्या संसदेचाही त्यात वाटा.

त्याचा परिणाम दिसला. काळ्या पैशावर नजर ठेवणारी नवी कचेरी कुठे असावी, हे ठरवायची वेळ २०२४ साली आली. नऊ शहरांचे अर्ज. या वेळी आधी उघड सुनावणी झाली, प्रत्येक शहराने लोकांसमोर उभे राहून उत्तरे दिली. मग संसदेची २७ मते आणि सरकारांची २७ मते, अशी ५४ मते एकत्र मोजली. फ्रँकफुर्टला २८ मिळाली, पहिल्याच फेरीत निम्म्यांहून जास्त. चिठ्ठी नाही, टोपी नाही! रीत सुधारली की निकाल सुधारतो तो असा. आणि ती रीत सुधारली कशाने? हरलेला गप्प बसला नाही म्हणून.

आपल्या दारातला दाखला

आपल्याकडेही पाहू. मुंबई कुणाची, हे १९५५-५६ साली दिल्लीत बसून ठरवले गेले. मुंबईला विचारले नाही म्हणूनच रस्ता पेटला आणि १०६ हुतात्मे झाले. त्या रक्तातून राज्य मिळाले. पण राज्य मिळाल्यावर राज्याने तरी विचारायची सवय लावून घेतली का?

१९७० साली सिडको निघाली. खाडीपलीकडे नवी मुंबई वसवायची, सचिवालय तिकडे न्यायचे, म्हणजे दक्षिण मुंबईचा श्वास मोकळा होईल, अशी मूळ कल्पना. त्यासाठी ठाणे-कुलाब्याच्या ९५ गावांची जमीन घेतली. घाऊक बाजार गेला. हमाल-मापाडी गेले. पण सचिवालय? ते जागचे हलले नाही! बेलापूरला काही कचेऱ्या गेल्या, मंत्रालय मात्र समुद्राच्या वाऱ्याला तिथेच बसले. शेजारी नरिमन पॉइंटला भर टाकून मनोरे उठत होतेच. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली, वरचे मजले जळाले, माणसे दगावली. तेव्हाही हलवावे की नाही, याची उघड मोजणी झाली नाही. तिथेच डागडुजी झाली. म्हणजे बघा, गोणी उचलणारा हलतो, खुर्चीवर बसणारा हलत नाही.

आणि ज्यांची जमीन गेली त्यांना कुणी पंगतीला बसवले होते? जानेवारी १९८४ मध्ये जासई-नवघरच्या आगरी-कोळी शेतकऱ्यांवर गोळ्या झाडल्या, पाच जण हुतात्मे झाले. दि. बा. पाटलांच्या झेंड्याखाली लढून साडेबारा टक्के विकसित जमीन पदरात पाडून घ्यावी लागली. जे पहिल्या दिवशी टेबलावर ठरायला हवे होते, ते रक्त सांडल्यावर ठरले.

आपल्या गिरणीच्या जमिनीचे तर विचारूच नका. १९९१ च्या नियमात वाटा ठरला होता: एक भाग मोकळ्या जागेला, एक सार्वजनिक घरांना, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची! शेडखालची जमीन हिशेबाबाहेर. आणि गिरणी म्हणजे काय? शेडच शेड! एक शब्द बदलला आणि एकरांचे गुंठे झाले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नियम कायम ठेवला. आज गिरणी कामगाराला घर कुठे दाखवतात? वांगणीला आणि शेलूला! परळ-लालबागचा घाम, आणि घर कर्जतच्या वाटेवर. ही जागा ठरवताना किती कामगारांची मते मोजली, हे सरकारने सांगावे.

म्हणून आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो: मापाचा शब्द बारीक असतो, पण तोच गळा कापतो.

"हे तुम्हाला कळायचे नाही"

साहेबलोक म्हणतील, जागा ठरवणे हे तज्ज्ञांचे काम, त्यात सूतगिरणीवाल्यांना काय कळते? आम्ही तज्ज्ञांचे वैरी नाही. पुराची रेषा कुठे येते, माती किती भार घेते, पाणी किती पुरते, हे त्यांनीच सांगावे आणि आम्ही ऐकावे. पण जमिनीच्या भावाला शंभरात चाळीस गुण द्यायचे आणि कामगाराच्या हेलपाट्याला पाच, हे कुठल्या शास्त्रात लिहिले आहे? तिथे शास्त्र संपते आणि मर्जी सुरू होते. मोजमाप तज्ज्ञाचे असू द्या, वजन मात्र जनतेने ठरवायचे. चार आकडे मांडले म्हणून मर्जीचे शास्त्र होत नाही.

दुसरे म्हणतील, एवढी चर्चा करत बसलो तर वर्षे जातील. अमरावतीत चर्चा टाळून किती वर्षे वाचली? घाईने ओढलेला धागा तुटतो, आणि तुटलेला जोडायला दुप्पट वेळ जातो, हे साच्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला शिकवायला नको.

तिसरे म्हणतील, आमदार-खासदार निवडून दिलेत ना, मग तेच ठरवतील. ठरवोत! पण उघड ठरवोत. आणि ज्याची जमीन त्या भागात आहे, त्याने आधी सातबारा टेबलावर ठेवावा, मग हात वर करावा.

आमच्या मागण्या

पहिली: जागांची नावे पुढे येण्याआधी मोजायची रीत लिहून जाहीर करा. किती फेऱ्या, किती गुण, बरोबरी झाली तर काय, सगळे आधी. खेळ सुरू झाल्यावर नियम बदलायचा नाही.

दुसरी: पंचांत तिघांना जागा हवी. ज्यांचे काम त्या कचेरीत पडते ते, जे तिथे नोकरी करतात ते (बदली आणि कंत्राटीसुद्धा), आणि ज्यांची जमीन जाणार ते. नुसते ऐकून घेणे नको, मत हवे.

तिसरी: कसोट्यांची वजने उघड सभेत ठरवा. त्यांत एक कसोटी सक्तीची: सामान्य माणसाला घरातून कचेरीपर्यंत किती वेळ आणि किती पैसा लागतो. याचे वजन कुठल्याही कसोटीपेक्षा कमी नसावे.

चौथी: प्रत्येक फेरीची मते छापून भिंतीवर लावा. तज्ज्ञांचा अहवाल नाकारायचा असेल तर कलमवार कारण लेखी द्या.

पाचवी: हलवायलाही दोन तृतीयांश मते हवीत आणि केलेले फिरवायलाही दोन तृतीयांश. म्हणजे दर निवडणुकीला कचेरी पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणार नाही.

सहावी: कचेरी गेली तरी जुन्या जागी एक खिडकी उघडी ठेवा. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाले, ते सहा जिल्ह्यांच्या लोकांनी कित्येक वर्षे झगडल्यावर. इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराला मुंबईचा हेलपाटा वाचला तो त्या झगड्यामुळे. मोठी न्यायदेवता दोन पावले पुढे येऊ शकते, तर फंडाच्या कारकुनाच्या पायाला काय बेडी आहे?

बंधूंनो, या मागण्यांत आकाशातले काही मागितलेले नाही. तुमच्या चाळीच्या गणपतीची वर्गणी किती गोळा झाली आणि कुठे खर्च झाली, हे तुम्ही फळ्यावर खडूने लिहिता. आणि कोट्यवधींच्या कचेऱ्या हलवणारे सरकार मतांची बेरीज फळ्यावर लिहायला लाजते!

पुढच्या सभेत मंत्री येतील, हार घालून घेतील, नव्या इमारतीचे चित्र दाखवतील. चित्र जरूर बघा. मग उठून तीनच प्रश्न विचारा: कसोट्या कोणी ठरवल्या? वजने कोणी ठरवली? मते कुठे छापली आहेत? तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत खाली बसू नका. एकट्याने विचारले तर "बसा खाली" म्हणतील. सगळे खाते उभे राहिले तर खाली बसवणार कोण?

मोजणी उघड करा! मग कचेरी खुशाल हलवा!